सांडवा नसलेलं धरण

परवा सकाळी साडेसातला कचरा घ्यायला येणाऱ्या मावशींनी माझ्या मुलीचा डायपर मला परत केला. फाटकात. दूधवाला, वॉचमन, शाळेच्या रिक्षाची वाट बघणारी तीन पोरं आणि त्या पोरांच्या आया, एवढ्यांच्या देखत.

"दादा, हे तुमचं," त्या म्हणाल्या.

माझं नाही, मुलीचं, असं तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण अशा वेळी काही सुचत नाही. तीन पोरांपैकी मधल्याने "आई, काकांचं आहे?" असं विचारून घेतलंच.

"वर लाल ठिपका कुठंय? आत काय आहे ते मला कसं कळणार? उघडून बघावं लागलं ना," असं म्हणत मावशींनी हात पुढे केले. हातमोजा एकाच हातात होता.

मुद्दा बिनतोड होता. त्यामुळे मला जास्तच राग आला.

लाल ठिपक्याचं मला ठाऊक नव्हतं असं नाही. पुण्यात ती मोहीम कधीची चालू आहे. डायपर, पॅड कागदात गुंडाळायचं आणि वर लाल पेनाने ठसठशीत ठिपका काढायचा, म्हणजे कचरा निवडणाऱ्याला पुडकं उघडावं लागत नाही. पण रात्री तीन वाजता एका हाताने पोरीचे दोन्ही पाय धरलेले असताना दुसऱ्या हाताने लाल पेन कोण शोधणार? आणि मुळात हे टाकायचं कशात, याचाच घोळ. २०१६ साली जे घनकचऱ्याचे नियम आले, त्यात लिहिलं होतं की वापरलेला डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकावा. सुक्या. रात्रभर भिजून वीटेएवढा जड झालेला डायपर हा सुका कचरा, आणि लिंबाची वाळून खडंग झालेली साल हा ओला. कागदावर हे बरोबरच असणार. सरकारने ते ज्याच्या हातात पुडकं आहे त्याला समजावून सांगावं.

हा डायपर आमच्या घरात शिरला कसा, ते थोडक्यात सांगतो. मुलगी चार महिन्यांची आहे. बाळंतविड्यात आईने सहा डझन लंगोट शिवून आणले होते. तिच्या जुन्या सुती साड्यांचे, धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले. चैत्रात झकास चाललं होतं. गॅलरीतल्या दोरीवर टाकले की अर्ध्या तासात कडकडीत. मग पाऊस आला. दिवसाला बारा-पंधरा लंगोट आणि वाळणारा एकही नाही. दोरी भरली, मग खिडकीचे गज, मग खुर्च्यांच्या पाठी, आणि एक लंगोट इंटरनेटच्या डब्यावर, कारण तो डबा गरम असतो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझा आवाज तुटायला लागला तेव्हा "नेटवर्क गंडलंय" एवढंच सांगितलं. उरलेले आई टोपलीवर पसरायची आणि खाली ओवा-शेपाची धुरी करायची. बाहेरून येणाऱ्याला इथे यज्ञ चाललाय की धोबीघाट आहे, ते कळेना. शेवटी तह झाला: दिवसा लंगोट, रात्री डायपर. मधल्या काळात मेहुणीने बंगळुरूहून बटणांचे, हत्तींच्या चित्रांचे कापडी डायपर पाठवले. त्यांची आतली गादी वाळायला दोन दिवस घेते. हत्ती छान आहेत.

तर मी फाटकात पुडकं धरून उभा, आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका दूध घेऊन परत निघालेले. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्याला पंधराएक वर्षं झाली असतील, पण खातं काकांमधून निवृत्त झालेलं नाही. त्यांनी पुडक्याकडे बघितलं. गुंडाळलेल्या पेपरावर नेमकी धरणातून मुठा नदीत पाणी सोडल्याची बातमी होती.

"काय रे, विसर्ग किती?"

मी पुडकं फिरवून बातमीतला आकडा वाचून दाखवला.

"तो नाही. आतला."

इथेच मी जिना चढायला हवा होता.

"आम्ही पाच भावंडं," काकांनी दुधाची पिशवी वॉचमनच्या खुर्चीवर ठेवली, म्हणजे विषय मोठा होता. "पाचही जणं एका धोतरावर वाढलो. वडिलांचं धोतर फाटलं की त्याचे लंगोट. खर्च शून्य." मला वडिलांची काळजी वाटली. "आणि तुम्ही? एकेक नग कितीला?"

"दहा-बारा रुपये."

"एका शूला?"

"एका रात्रीला, काका. चार-पाच शू मावतात."

"मावतात?" काकांच्या डोळ्यांत तीस वर्षांची नोकरी चमकली. "साठवण क्षमता काय याची?"

आता माझंही चुकलं. रात्री पोरगी खांद्यावर असताना मी मोबाइलवर नको ते वाचतो, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय पचत नाही. मी सांगायला लागलो की आत पॉलिमरची भुकटी असते, ती पाणी पिऊन फुगते आणि जेली होते, आणि भुकटी बरीच नंतरची असली तरी फेकायचे पॅम्पर्स बाजारात आले १९६१ साली, अमेरिकेत, व्हिक्टर मिल्स नावाच्या इंजिनियरच्या डोक्यातून. त्याला नातवंडाचे कापडी लंगोट बदलायचा कंटाळा आला होता.

"एकसष्ट!" काका दोन पावलं मागे सरकले. "पानशेत! १२ जुलै! मी पाचवीत होतो." पुडक्याकडे त्यांनी असं बघितलं की जणू धरण यानेच फोडलं. "म्हणजे इकडे आमचं फुटलं आणि तिकडे यांनी हे बांधलं. जा, एक कोरा घेऊन ये."

का आणला, ते मला अजूनही सांगता येणार नाही. चार महिने सलग न झोपलेल्या माणसाकडून काहीही करून घेता येतं.

काकांनी डायपर माझ्याच स्कूटरच्या सीटवर उताणा पसरला. दूधवाल्याकडून अर्ध्या लिटरचं माप मागून घेतलं. तोही गिऱ्हाइकं सोडून बघत उभा राहिला. पार्किंगच्या नळाखाली माप भरलं आणि काका धार धरत पुण्याच्या धरणांची साठवण मोठ्याने म्हणायला लागले, "खडकवासला १.९७, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१, चारांचे मिळून २९.१५ टीएमसी." शुभंकरोति म्हणावं तसं. अर्धा लिटर संपला. एक थेंब बाहेर नाही. मधली पिवळी रेघ तेवढी निळी झाली.

"ही कसली रेघ?"

"भरत आला की रंग बदलतो. बदला म्हणून खूण."

"भिडे पूल!" काका ओरडले. "अरे हा भिडे पूल आहे! पाण्याखाली गेला की समजायचं, मुठा भरली!" दूधवाला, वॉचमन, पोरांच्या आया, सगळ्यांना पटलं. मला डायपर चार महिन्यांत कुणी इतका सोपा करून सांगितला नव्हता, हे कबूल करतो.

दुसरं माप अर्धं ओतून झाल्यावर काका वाकले. डायपर चारी बाजूंनी तपासला. कंबरेची पट्टी ओढून पाहिली, मांडीच्या झालरीत बोट घातलं. मग सरळ झाले.

"सांडवा कुठंय?"

"काय?"

"सांडवा! जादा पाणी जायला वाट! धरलं, धरलं, धरलं, आणि सोडायचं कुठून? हे धरण नाही, हा हट्ट आहे." आणि उरलेलं पाणी त्यांनी एकदम ओतलं, जणू कुणाला तरी धडा शिकवायचा होता. झालरीतून पाणी सीटवर आणि सीटवरून खाली यायला लागलं. "बघ! मी म्हटलं नव्हतं?"

मी म्हणालो, "काका, ही चाचणी ग्राह्य नाही. शू खारट असते. साधं पाणी ही भुकटी कितीतरी पट पिते, खारट असलं की तिचं पिणं एकदम कमी होतं. आणि चार महिन्यांची मुलगी एका दमात लिटरभर करत नाही."

"अभियंत्याने शंभर वर्षांतला मोठा पूर धरायचा असतो," असं म्हणून त्यांनी गाभा बघायला डायपर टराटरा फाडला.

साबुदाणा जास्त भिजला की कसा होतो? तसं, पण परातभर. स्कूटरवर, फरशीवर, दूधवाल्याच्या चपलेवर. काका म्हणाले, "हं. असं आहे होय." दुधाची पिशवी उचलली आणि नाश्त्याला गेले.

मी आधी पाण्याने धुवायला गेलो. ज्याने पाणी पिऊन हे केलंय त्याच्यावर आणखी पाणी मारायचं, ही अक्कल. ढीग वाढला. मग मिठाची आठवण झाली. वर जाऊन मिठाची बरणी उचलली तर आई स्वयंपाकघरातून, "दृष्ट काढतोयस का? मग मोहऱ्या-मिरच्याही ने." खाली येऊन मीठ पसरलं, ती जेली हळूहळू बसली, पाणी सुटलं, आणि मी कचऱ्याच्या सुपलीने ते भरत असताना मोबाइल वाजला. सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसकट सूचना आली होती: 'पार्किंगमध्ये अज्ञात पदार्थ सांडलेला आहे. संबंधितांनी त्वरित साफ करावे.' फोटोत मी होतो, पाठमोरा. सुपली हातात असलेला माणूस संबंधित असू शकतो, एवढं तरी त्यांना कळायला हवं होतं.

खरं सांगायचं तर तो साबुदाणा मला खुपला नाही, ते धोतर खुपलं. लंगोटाचं गुणगान करणारे पुरुष मला रोज भेटतात: ऑफिसात, लिफ्टमध्ये, मुलीला इंजेक्शन द्यायला नेतो त्या दवाखान्यात. "आमच्या वेळी कुठे होते हे डायपर?" मी हल्ली त्यांना एकच विचारतो, शीचा लंगोट आधी गार पाण्यात घालायचा की गरम? एकालाही सांगता आलेलं नाही. (गार. गरम पाण्यात डाग पक्का बसतो.) धोतर वडिलांचं, हे काकांच्या लक्षात आहे. धुतलं कुणी, ते त्या गोष्टीत नाही.

दुपारी काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "सकाळी ह्यांनी तुझा डायपर फाडला म्हणे." मी धोतराचं सांगितलं. "ह्यांना काय माहीत लंगोट? आमच्या दोन्ही पोरांच्या वेळी हे उजनीला. पंधरा दिवसांनी यायचे. पोरगं मांडीवर ओलं झालं की 'अगं' म्हणून हाक मारायचे, एवढंच." मग कठड्याला टेकून त्यांनी माझ्या हातातलं नवीन पाकीट वाचलं, मागून, पुढून, किंमतसुद्धा. "मला त्या वेळी हे..." म्हणाल्या, तेवढ्यात वरून कुकरची शिट्टी झाली आणि त्या गेल्या.

मिल्सच्याही आधी हे प्रकरण हातात घेतलं होतं मॅरियन डोनोव्हन नावाच्या बाईने. न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा कापून तिने लंगोटावर चढवायचं आवरण शिवलं, १९५१ मध्ये पेटंटही घेतलं. धुणाऱ्या बाईने पडदा फाडला तर एक आवरण निघतं, पुरुषाला चार दिवस बदलायला लागले तर कारखानाच उभा राहतो. हेही रात्री तीनचं वाचन. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेचा २००८ चा अहवालही त्यातलाच. कापडी बरं की फेकायचं, याचं त्यांचं उत्तर असं की तुम्ही धुता कसं आणि वाळवता कसं, त्यावर आहे. भरपूर कपडे एकदम धुवा, दोरीवर वाळवा, पुढच्या बाळालाही तेच वापरा. दोरीवर! त्यांच्याकडेही पाऊस पडतो असं ऐकून होतो. पुढच्या बाळाचं मी बायकोला वाचून दाखवलं नाही.

आणि मी तरी मोठा कोण लागून गेलो? दिवसाचे लंगोट आई धुते. रविवारी मी धुतो, तेव्हा घरातले सगळे येऊन बघून जातात.

त्या रात्री दोन पुडकी झाली. ठिपका काढायचा असा पण केला होता, पण घरात लाल पेन नाही. निळी सात, एक हिरवं, हिरव्यात शाई नाही. कुंकवाचा करंडा घेतला तर आई झोपेतून म्हणाली, "त्याला कुंकू लावतोस? शुद्ध आहे का तुला?" ती झोपेत कशी बघते, देव जाणे. शेवटी बायकोच्या आरशावरून लाल टिकली काढली आणि पुडक्याच्या मधोमध चिकटवली. दुसऱ्यालाही एक. आरशावर आता दोनच उरल्यात, आणि सकाळी त्यावरून बोलणी खाल्ली.

फाटकात मावशींनी पुडकं हातात घेतलं. टिकली बघितली. दुसरं घेतलं, त्याचीही बघितली.

"आज नटवून आणलंय," म्हणाल्या आणि दोन्ही पुडकी बाजूच्या पिशवीत टाकली. हातमोजा आजही एकच होता.

मागून काका दूध घेऊन येत होते.

"काय रे, रात्रीची आवक?"