खून नंतर बघू, आधी मशीन लेव्हलला घ्या

काळा विनोद म्हणजे काय, हे सोलापुरात सांगायला व्याख्या लागत नाही. मयताच्या घरी चहा येतो. रडून रडून घसा बसलेले गृहस्थ पहिला घोट घेतात आणि शेजारच्याच्या कानात म्हणतात, "साखर कमी पडली बे." शेजारचा तोंडावर टॉवेल धरतो. खांदे हलतात, आणि समोरच्या बायकांना वाटतं, बिचाऱ्याला फार लागलंय. एवढं ज्याला कळलं त्याला 'फार्गो' ही मालिका कळायला हरकत नाही. हरकत येते ती सगळ्या घराने एकत्र बसून ती बघायचं ठरवल्यावर, कारण अशा वेळी दुभाष्या लागतो आणि तो नेहमी मी असतो.

पहिला सीझन २०१४ सालचा, एफएक्स वाहिनीचा, भाग दहा. गोष्ट घडते अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, बेमिजी नावाच्या गावात, २००६ साली, आणि जिकडे बघावं तिकडे बर्फ. आपण बघतो मे महिन्यात, पारा ४३ वर असताना. "बर्फ बघूनच गार वाटलालाय," असं म्हणणारं एक माणूस प्रत्येक घरात निघतं. त्याच्या भरवशावर कूलर बंद करू नये.

कूलर हीच पहिली अडचण. 'हाय'वर ठेवला तर संवाद ऐकू येत नाहीत, बंद केला तर प्रेक्षक उरत नाहीत. त्यातून यातला मुख्य मारेकरी, लॉर्न माल्व्हो, कुजबुजल्यासारखा बोलतो. त्याच्यासाठी आवाज ३० वरून ५५ वर न्यावा, तर पुढच्याच मिनिटाला बंदूक सुटते आणि पाळण्यातलं पोर उठतं. यात टीव्हीचा दोष नाही. ॲपवरचा आवाज बहुधा ५.१ चा, म्हणजे सहा स्पीकरांत वाटलेला असतो. त्यात संवाद मधल्या स्पीकरसाठी वेगळे ठेवलेले असतात, आणि आपल्या टीव्हीला स्पीकर दोनच, तेही खाली तोंड करून बसवलेले. ऑडिओच्या सेटिंगमध्ये 'स्टिरिओ' निवडलं की निम्मं काम होतं. कूलर प्रेक्षकांच्या पाठीमागच्या खिडकीत, 'लो'वर ठेवावा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी. ती बंद राहिली की हवेला वाट मिळत नाही, ओल साठते, आणि अर्ध्या तासात सगळे "चिकचिक व्हलालीय" म्हणत उठतात. उघडी ठेवली की गल्ली आत येते. येऊ द्यावी. गल्लीच्या आवाजाची सवय आहे, माल्व्होच्या नाही.

नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचं असेल तर हिशेब आधी करावा. फुल एचडीत तासाला दोन-तीन जीबी सहज जातात, म्हणजे रोजचा दीड जीबीचा पॅक बरोबर खुनाच्या अलीकडे संपतो. दर्जा खाली आणला तर पडणारा बर्फ फुटतो. हजारो ठिपके दर फ्रेमला जागा बदलत असतात, ते थोड्या डेटात मावत नाहीत, आणि पडद्यावर करड्या चौकोनांची फरशी दिसू लागते. अक्का विचारतात, "तिकडं बी धुळीचं वादळ येतंय व्हय?"

खाण्याचं एकच पथ्य. कडक भाकरी गोळीबारात मोडावी, एरवी नाही. माल्व्होच्या वाक्यावर कुणी भाकरी मोडली की ते वाक्य गेलं, आणि तो एकदा बोललेलं पुन्हा बोलत नाही. शांत प्रसंगांना मऊ भाकरी, शेंगा चटणी आणि दही.

आता खरी परीक्षा. प्रत्येक भाग एका पाटीने सुरू होतो: ही सत्यकथा आहे, जिवंत राहिलेल्यांच्या विनंतीवरून नावं बदलली आहेत, आणि मृतांचा मान राखून बाकी सारं घडलं तसंच सांगितलं आहे. मी ती मराठीत वाचतो आणि अक्का हात जोडतात. पाटी धादांत खोटी आहे. ज्या १९९६ च्या चित्रपटावरून मालिकेने नाव आणि बाज घेतला, त्यानेही हीच थाप मारली होती. प्रश्न असा की अक्कांना हे सांगायचं कधी? पहिल्याच भागात सांगितलं तर "मग कशाला जागायचं?" म्हणून निम्मी मंडळी आडवी होतात. दहाव्या भागानंतर सांगितलं तर इतके दिवस फुकट हळहळल्याचा राग दुभाष्यावर निघतो. माझ्या मते तिसऱ्या भागाच्या सुमारास, जेवण वाढता वाढता, दुसऱ्याच विषयात मिसळून सांगावं.

लेस्टर हा विमा विकणारा, दबलेला माणूस. शाळेत छळणारा गुंड इतक्या वर्षांनी रस्त्यात भेटतो, नुसतं अंगावर येण्याचं नाटक करतो, आणि लेस्टर घाबरून स्वतःच काचेवर नाक आपटून घेतो. दवाखान्यात शेजारी माल्व्हो बसलेला. त्या गुंडाला मारू का, हो की नाही तेवढं सांग, असं तो विचारतो. लेस्टर हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, तेवढ्यात नर्स त्याचं नाव पुकारते. पुढचे सगळे मुडदे या न बोललेल्या शब्दातून पडतात. इथे आमच्या हॉलमध्ये जो आरडाओरडा होतो तो ऐकण्यासारखा असतो. "आरं नाही म्हण की बे! नाही म्हणायला काय पैसे पडलालेत?" सोलापूरकराला ही भीड समजतच नाही. बेमिजीची माणसं मनात सुरी असली तरी तोंडाने गोड बोलतात, आणि आपल्याकडे मनात माया असली तरी तोंडात 'बे' असतं. हे भाषांतर मला अजून जमलेलं नाही.

रिमोट कुणाकडे द्यायचा, हा प्रश्न त्याच भागात पेटतो. त्या गुंडाचा खून क्लबच्या मागच्या खोलीत होतो, आणि सुरी लागते त्या क्षणी तो जे करत असतो ते घरात बसून बघण्यातलं नसतं. दहा सेकंद पुढे नेणारं बटण चार वेळा दाबलं की लाज वाचते, पण खूनही पुढे निघून जातो. मग उरलेले नऊ भाग "याला कुणी मारलं?" याला उत्तर देत बसावं लागतं. दुसरा उपाय म्हणजे मोठ्यांना नेमक्या वेळी पाणी आणायला पाठवणं. तो फसतो. ती खोली दिसताक्षणी सगळ्यांची तहान मरते.

आणि मग मशीन. लेस्टरच्या तळघरातली वॉशिंग मशीन स्पिनला लागली की खडखडते. तो दुरुस्त करायला जातो, जमत नाही, बायको टोमणे मारते, आणि हाताशी हातोडा असतो. पुढचं बघून हॉलमध्ये मिनिटभर कुणी बोलत नाही. मग मामा म्हणतात, "लेव्हल बघितली नाही त्यानं."

यावर मी पूर्वी हसायचो. आता हसत नाही, कारण मामांचं म्हणणं बरोबर आहे. स्पिनला मशीन नाचते त्याची कारणं ठरलेली. चारपैकी एक पाय अधांतरी असतो: कोपऱ्यावर दाबून बघायचं, डुलली तर पाय फिरवून खाली घ्यायचा आणि वरचा लॉकनट आवळायचा, नाहीतर आठवड्यात पुन्हा तेच. फ्रंट लोड नवी असेल तर वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले मागचे ट्रान्झिट बोल्ट काढायचे राहून गेलेले असतात. टॉप लोड जुनी असेल तर आतले, ड्रम तोलून धरणारे सस्पेन्शन रॉड सैल पडलेले. आवाज स्पिनच्या वेगाबरोबर चढत गेला तर बेअरिंग गेलं समजावं. आणि आपल्या गावाचं खास कारण म्हणजे चादर. एकटी सोलापुरी चादर मशीनला टाकली की पाणी पिऊन दगडासारखी होते, ड्रमच्या एका बाजूला गोळा होऊन बसते, आणि मशीन मोरीतून निघून दारापर्यंत चालत येते. दोन चादरी समोरासमोर टाकाव्यात, नाहीतर धोपटणं घेऊन बसावं. यातल्या एकाही कामाला हातोडा लागत नाही, पाना लागतो. याच सीझनमध्ये मिस्टर रेंच नावाचा एक बहिरा मारेकरी आहे. रेंच म्हणजे पाना, एवढं सांगितल्यापासून मामांचा जीव त्याच्यावर जडलाय.

पुढे तो हातोडा लेस्टर मशीनच्याच आत लपवतो, तेव्हा मामांनी कपाळावर हात मारलाच पाहिजे. आधीच बॅलन्स गेलेला, त्यात लोखंड!

बायकोच्या खुनाच्या रात्रीच लेस्टरच्या तळहातात छऱ्याचा दाणा घुसतो. दाखवायची सोय नाही, म्हणून तो लपवतो आणि हात चिघळतो. अक्कांच्या लेखी पूर्ण मालिकेत याहून भयंकर काही नाही. मुडदे मोजायचं त्यांनी सोडून दिलंय. "धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं का त्यानं?" हे मात्र प्रत्येक भागाला विचारतात. अण्णांची काळजी कायद्याची. कुणी पडलं की ते "तीनशे दोन लागलं" म्हणतात, आणि एलएलबीला असलेला पुतण्या म्हणतो, "१ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं एकशे तीन." मिनेसोटात यातलं काहीच लागत नाही, असं मी एकदाच म्हणालो होतो.

नंतर लेस्टर गुन्हा सख्ख्या भावावर ढकलतो. बायकोच्या खुनाला ज्यांनी परिस्थितीचा दोष दिला होता, ते सगळे इथे ताडकन उठतात. भावाच्या घरात जाऊन हातोडा ठेवून येणं! आपल्याकडे हे निदान सातबाऱ्यावरून होतं, त्याला काही कारण असतं.

नळाला पाणीही अशाच वेळी येतं. चार-पाच दिवसांचा खंड, रात्रीचे साडेअकरा, आणि मोटर लावायला सगळे उठतात. पॉज कुठे करायचं याचा विचार आधी करावा. मुडद्याच्या क्लोजअपवर केला, तर बादली मागायला आलेल्या शेजारच्या काकू बादली न घेता परत जातात.

मॉली सॉल्व्हरसन या पोलीस बाईवर सगळ्यांचं एकमत. तिला सगळं कळतं आणि साहेबाला काही पटत नाही, यात समजावून सांगायला लागावं असं कुणालाच काही वाटलं नाही. आठव्या भागात गोष्ट एकदम एक वर्ष पुढे जाते. डुलकी लागलेला माणूस इथे जागा झाला तर त्याला मॉली पोटुशी दिसते आणि तो लग्न कधी झालं म्हणून भांडतो. तिचा नवरा गस पोलिसातली नोकरी सोडून पत्रं वाटायला लागलेला असतो. सरकारी नोकरी सोडली म्हणताच अण्णांनी मान फिरवली. पोस्टात लागला म्हटल्यावर परत वळवली.

दुसरा सीझन १९७९ सालातला, मॉलीचे वडील तरुण असतानाचा. त्यात एक बाई माणसाला गाडीने उडवते आणि तो काचेत अडकलेला असतानाच गाडी घरी नेऊन गॅरेजमध्ये लावते. पुढे नवरा तीच गाडी मुद्दाम झाडावर घालतो, मोडतोड अपघाताची वाटावी म्हणून. मामांना एवढंच सांगून ठेवलंय. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "क्लेम बसत नाही. सर्व्हेअर काच बघतोय."