आधी तारा, मग दोर: एंटरप्राइजच्या पावसाळी कामांवरील एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

एंटरप्राइज या दोघांनी चालवायच्या छोट्या शिडाच्या होडीच्या पावसाळी कामांवरील लेखात मी लिहिले होते की, हाती असलेला पैसा आधी डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारांवर, म्हणजे श्राउडवर आणि त्यांच्या पिनांवर खर्च करावा. नवे दोर आणि जास्तीच्या कप्प्या त्यानंतर घ्याव्यात. हा सल्ला वाचकांना विनाकारण घाबरवतो, असा आपला आक्षेप आहे. चांगले स्टेनलेस स्टील गंजत नाही, आपल्या होडीच्या तारा अजून चकचकीत आहेत आणि हंगाम संपताच त्यांची टोके आपण टेपने घट्ट गुंडाळून ठेवता, असे आपण लिहिता. त्यापेक्षा जिबचा, म्हणजे पुढच्या लहान शिडाचा, पॉलिएस्टरचा हॅलयार्ड (शीड चढवण्याचा दोर) काढून डायनिमा या अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याचा घालावा आणि त्याला कप्प्यांची आठपट ओढ द्यावी, म्हणजे होडीचा वेग वाढेल, असे आपण सुचवता.

वेग वाढेल, यात शंका नाही. पण ज्या कारणाने तो वाढेल, त्याच कारणाने तारांचे काम आधी करावे लागते. एंटरप्राइजवर जिब चढवून ताणले की फोरस्टे, म्हणजे डोलकाठीला पुढून धरणारी तार, सैल पडते आणि तिचे काम जिबच्या कडेतली तार आणि हॅलयार्ड करतात. म्हणजे आपण ज्याला केवळ शीड चढवण्याचा दोर समजता, तो प्रत्यक्षात डोलकाठीचा तिसरा आधार आहे, आणि त्याला जितके ओढावे तितका ताण उरलेल्या दोन आधारांवर, म्हणजे दोन्ही श्राउडांवर चढतो. जुना पॉलिएस्टरचा दोर लांबतो, त्यामुळे हा ताण कधी फार वाढतच नाही आणि वाऱ्याच्या झोतात धक्काही थोडा जिरतो. डायनिमा जवळजवळ लांबत नाही. 3 मिलिमीटरची 1×19, म्हणजे एकोणीस धाग्यांची, तार नवी असताना सुमारे 700 किलोला तुटते, तर आवरण नसलेला 4 मिलिमीटरचा डायनिमा त्याच्या दुपटीहून अधिक भार सोसतो. नव्या हॅलयार्डला आठपट ओढ दिली की सर्वांत कच्चा दुवा म्हणून जुनी श्राउडच उरते.

आता स्टेनलेसविषयी. हे पोलाद टिकते ते पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थरामुळे, आणि हा थर खरवडला गेला तर पुन्हा धरण्यासाठी त्याला हवेतला प्राणवायू लागतो. जिथे खारे पाणी साचते आणि हवा पोहोचत नाही, अशा फटीत हा थर मोडतो, क्लोराइड आत शिरते आणि वरून चमक कायम असताना आत खड्डे पडत जातात. 316 जातीच्या पोलादात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असते. त्याने ही क्रिया मंदावते, थांबत नाही. आपल्या तारेत मधल्या एका धाग्याभोवती 6 आणि त्याभोवती 12 असे 19 धागे असतात, आणि हंगामभराचे मीठ या धाग्यांच्या मधल्या जागेत बसते.

इथे मुंबईचा पावसाळा विशेष महत्त्वाचा ठरतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपली हवा बहुतेक वेळ त्या मर्यादेच्या वरच असते. म्हणून छपराखाली कोरडी ठेवलेली तारही आतून महिनोन्महिने खाऱ्या पाण्यात भिजलेली राहते. उघड्यावर ठेवलेल्या तारेला पाऊस निदान धुऊन काढतो. टेपखालच्या टोकाला तोही लाभ मिळत नाही, आणि हवाही नाही. टेप लावण्यामागची आपली काळजी मी समजू शकतो, पण कृपया तो आजच काढावा, टोके गोड्या पाण्याने भरपूर धुवावीत आणि उघडी ठेवावीत. पिनांची टोचणारी टोके झाकण्यासाठी टेप हंगामात जरूर लावावा, आणि होडी किनाऱ्यावर चढली की सोडवावा.

चमक पाहून तारेची पारख होत नाही. तारेवरून कापसाचा बोळा वरपासून खालपर्यंत फिरवावा. जिथे तंतू अडकतील तिथे धागा तुटलेला आहे. नंतर भिंगातून टोके पाहावीत, विशेषतः डोलकाठीत अडकणारे टी-टोक, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराचे वरचे टोक. होडी चालत असताना वाऱ्याआडची श्राउड सैल पडून सतत हलत राहते, आणि ती हालचाल नेमकी टोकातून तार बाहेर येते तिथे तिला वाकवते. तिथे तपकिरी ओघळ, चीर किंवा एकही तुटलेला धागा दिसला तर ती तार बदलावीच. काहीच दिसले नाही, पण तार दहा वर्षांची झाली असेल किंवा तिचे वय कोणालाच ठाऊक नसेल, तरी मी ती बदलेन. डोलकाठी पडते ती भर वाऱ्यात, आणि तिच्याखाली बहुधा क्लबचा एखादा शिकाऊ मुलगा जिब सांभाळत बसलेला असतो. म्हणून या बाबतीत मला वेगाची घाई मान्य होत नाही.

श्राउड बदलून झाल्या की आपण म्हणता तो हॅलयार्ड जरूर घालावा. त्याला गाठ न मारता स्प्लाइस करावा, म्हणजे दोराचे टोक त्याच्याच आत ओवून पक्के करावे, कारण डायनिमा निसरडा असल्याने गाठ सरकते आणि गाठीपाशी त्याची निम्मी ताकद जाऊ शकते. डोलकाठीच्या वरच्या कप्पीच्या खाचेवरही बोट फिरवून पाहावे: पूर्वी त्या होडीवर तारेचा हॅलयार्ड असेल तर खाच अरुंद आणि धारदार झालेली असते, आणि ती नवा दोर एका हंगामात कातरते. स्पर्धेत उतरणार असाल तर या सगळ्या बदलांआधी एंटरप्राइज वर्गाच्या होड्यांचे स्पर्धा-नियम वाचावेत.

श्राउड नेहमी जोडीनेच बदलाव्यात, मग एकच खराब निघालेली का असेना. जुन्या दोन्ही तारा एका खिळ्याला अडकवून, सारख्या ताणाखाली, पिनेच्या भोकापासून वरच्या टोकापर्यंत मोजाव्यात. दोहोंत फरक आढळला तर दोन्ही नव्या तारा एकाच मापाच्या करून घ्याव्यात. नाहीतर डोलकाठी एका बाजूला झुकलेली राहते.