वाशीच्या निवृत्त प्राध्यापकांना: मी वर्गात सूड शिकवत नाही

काल रात्री थॉमस किडचं 'द स्पॅनिश ट्रॅजेडी' हे सोळाव्या शतकातलं इंग्रजी सूडनाटक शिकवण्यावरच्या माझ्या पोस्टखाली एक लांबलचक कॉमेंट आली. नाव नाही, 'एक निवृत्त प्राध्यापक, वाशी' एवढंच. उत्तर तिथे मावेना म्हणून वेगळी पोस्ट टाकतेय. ज्यांनी कॉमेंट वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, त्यांचं म्हणणं असं की मी रोमन नाटककार सेनेकाचा उल्लेखच केला नाही, सूडावरचा इंग्रज निबंधकार बेकनचा निबंध आधी शिकवायला हवा होता, 'हॅम्लेट' सोडून हे दुय्यम नाटक कशाला, इंग्रजीच्या वर्गात मराठी का बोलता, आणि मग हे वाक्य: "टीव्ही सिरियलसारखं रंगवून सांगून तुम्ही मुलांना सूडाची चटक लावता, न्यायाचा विचार शिकवत नाही, तुमच्या पिढीला फक्त टाळ्या हव्यात."

सुरुवात 'मॅडम, वाईट वाटून घेऊ नका' अशी आणि शेवटी हात जोडलेला इमोजी. मधलं जे आहे ते हात जोडून लिहिण्यासारखं नाहीये एवढं तरी तुम्हाला कळायला हवं होतं. आणि माझी पिढी तुम्हाला कुठून समजली? प्रोफाईलला मासुंदा तलावाचा फोटो आहे, माझा नाही.

सेनेकाचं मान्य. एक ओळ हवी होती. 1581 मध्ये त्याची दहा नाटकं इंग्रजीत एकत्र छापून आली आणि किडच्या काळातल्या लोकांच्या डोक्यात ती भुतं, ते खून, ती लांब भाषणं तिथून शिरली, हे मी वर्गात सांगते, पोस्टमध्ये राहून गेलं. झालं समाधान? बेकनचं मात्र मान्य नाही. त्याचा तो निबंध 1625 चा, किडचं नाटक 1592 ला छापलेलं आणि लिहिलेलं त्याच्याही आधीचं, आणि किड स्वतः 1594 ला वारला. जो माणूस निबंध यायच्या तीस वर्षं आधी गेला त्याला त्या निबंधाच्या फूटपट्टीने कशाला मोजायचं? हॅम्लेट आणि मराठीचं सोडून देते. आगरकरांनी 1883 साली हॅम्लेट मराठीत आणला होता, तेव्हा त्यांना कोणी इमोजी पाठवला नसावा.

आता ते वाक्य. ते मला झोंबलंय, लपवत नाही.

तुम्ही नाटक वाचलंय असं धरून चालते, पण तिसरा अंक परत काढून बघा. हिएरोनिमो हा कोणी पेटलेला गुंड नाही, तो स्पेनच्या दरबारातला न्यायाधीश आहे, लोक त्याच्याकडे न्याय मागायला येतात. त्याच्या मुलाला, होरॅशियोला, त्याच्याच बागेत लटकवून मारतात. हा झोपेतून उठून ओरडा ऐकून धावतो आणि प्रेत खाली काढल्यावर कळतं की हा आपलाच मुलगा. इथे सिरियलवाला नायक काय करेल ते तुम्हाला माहितीये, बॅकग्राउंडला ढोल आणि ब्रेकनंतर तलवार. हिएरोनिमो काय करतो? थांबतो. होरॅशियोच्या प्रेयसीची, बेल-इम्पेरियाची, रक्ताने लिहिलेली चिठ्ठी त्याच्या हातात पडते, त्यात मारेकऱ्यांची नावं स्पष्ट आहेत, तिचा भाऊ लोरेन्झो आणि पोर्तुगालचा राजपुत्र बाल्थाझार, तरी तो विश्वास ठेवत नाही, म्हणतो हा मला अडकवायचा डाव असेल. म्हणजे तो पुरावा शोधतोय. पुढे या खुनात सामील असलेल्या आणि फासावर गेलेल्या पेद्रिंगानो नावाच्या नोकराच्या खिशातलं पत्र मिळतं, आता खात्री पटते, मग तरी सूड? नाही. तो राजाकडे जातो आणि न्याय, न्याय म्हणून ओरडतो, आणि लोरेन्झो मधे उभा राहून त्याला वेडा ठरवतो. राजाला तर होरॅशियो मेलाय हेच माहीत नाही! तेव्हा हा म्हातारा कट्यार काढून जमीन उकरायला लागतो. पुरावा, अर्ज, सुनावणी, सगळं आधी करून झालं आणि मग सूड, या क्रमालाच तर मी चार लेक्चर देते. न्यायाचा विचार नाही म्हणे.

आणि पेद्रिंगानोचा तो सीन. मी तो वाचून दाखवत नाही, मुलांकडून करून घेते, हो, टाळ्यांसाठीच समजा. लोरेन्झोने त्याला निरोप पाठवलाय की या डबीत तुझं माफीपत्र आहे, घाबरू नको, तोंड बंद ठेव. डबी आणणारा पोरगा रस्त्यात उघडून बघतो तर आत काहीच नाही, आणि तो हसतो. आमच्याकडे दिव्याहून येणारा एक मुलगा हा पोरगा झाला होता, त्याने खडूची रिकामी खोकी घेतली आणि फळ्यापाशी उभं राहून ती अशी काही हळूच उघडली की शेवटच्या बाकापर्यंत हशा. मग पेद्रिंगानो झालेली मुलगी फासाखाली उभी राहून फाशी देणाऱ्याची टिंगल करत राहिली, कारण तिला वाटतंय डबीत माफी आहे, वर्ग अजून हसतोय, आणि फास बसतो. त्यानंतर पंख्याचा आवाज तेवढा येत होता. एकाने विचारलं, 'मॅम, म्हणजे न्यायाधीशाने कायद्याने फाशी दिली पण खरा गुन्हेगार बाहेरच राहिला ना?' कळवा-दिवा लाईनची दुपारच्या लोकलने येणारी पोरं हा प्रश्न विचारतायत आणि तुम्ही वाशीत बसून ठरवताय की त्यांना चटक लागली. हसवलं नसतं तर ते गप्प झाले नसते, किडलाही हे ठाऊक होतं, म्हणून तर त्याने डबी रिकामी ठेवली.

खरं सांगू का, मला या नाटकात सूडापेक्षा कागद जास्त दिसतात. त्याच अंकात बाझुल्टो नावाचा म्हातारा हिएरोनिमोकडे अर्ज घेऊन येतो, त्याचाही मुलगा मारला गेलाय. बाकीचेही आपापले कागद घेऊन उभे आहेत. आणि न्यायाधीश काय करतो, ते कागद दातांनी फाडतो. मी हे शिकवताना दरवेळी जरा थांबते, मुलांना वाटतं मॅम पाणी प्यायला थांबल्या.

माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत होते, कंपनी बंद झाली, हिशोबाचे पैसे अडकले, आणि मग लेबर कोर्ट. माझं शाळेतलं अख्खं वय त्या तारखांमध्ये गेलं. कापडी दोरीने बांधलेली फाईल, आई ती सणासारखी सोवळ्यात ठेवायची, घरात कोणी तिच्यावर चहाचा कप ठेवला तर भांडण. बाबा तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि संध्याकाळी नवी तारीख घेऊन यायचे, आणि एकदा रात्री त्यांनी ती दोरी सोडली, कागद एकेक करून बघितले, परत बांधली, आणि मॅनेजरचं नाव घेऊन असं काही बोलले जे मी आधी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी कोणाला काही केलं नाही, अर्थातच. पण कायदा पाळणारा माणूस त्या शब्दापर्यंत कसा पोचतो ते मी आमच्या सव्वा खोलीत बघितलंय, ते मला बेकनने शिकवायची गरज नाही, आणि माफ करा, तुम्हीही नाही.

तुम्ही म्हणाल हे वैयक्तिक झालं. झालं, मग? 'तुमची पिढी' तुम्ही काढलीत.

आणि नाटक सूडाची आरती करतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढं तरी बघावं की किडने 'सूड' हे पात्रच स्टेजवर बसवलंय, युद्धात मारल्या गेलेल्या आंद्रेयाच्या भुताशेजारी, प्रेक्षकासारखं. आणि तिसऱ्या अंकाच्या शेवटी हा सूडमहाशय झोपलेला असतो! भूत त्याला हलवून उठवतं. या जागी मुलं खदखदून हसतात आणि मी हसू देते. ज्या देवाची भक्ती शिकवायचीय त्याला कोणी घोरताना दाखवतं का?

शेवटच्या अंकात हिएरोनिमो लग्नाच्या समारंभात नाटक बसवतो, त्या नाटकातले खून खरे निघतात, मग तो मुलाचं प्रेत दाखवून राजासमोर सगळी कहाणी सांगतो आणि एवढं सांगून झाल्यावर वर आणि काही सांगणार नाही म्हणून स्वतःची जीभ चावून तोडतो. टीवायच्या एका मुलीने विचारलं की सगळं तर बोलून झालंय, मग आता लपवायला उरलं काय? हाच प्रश्न अभ्यासक वर्षानुवर्षं घोळवतायत, 1602 च्या आवृत्तीत तर या जागी मजकूरच बदललेला आहे. ती मुलगी गाईड वाचून आली नव्हती, गाईडमध्ये हा प्रश्नच नाही, मी बघितलंय. मी तिला उत्तर दिलं नाही, माझ्याकडे पटणारं उत्तर नाहीये. वर्गात यावर जो वाद झाला त्यात बेल वाजल्यावरही कोणी उठेना, आणि त्यात एकानेही 'बरं झालं मारलं' म्हटलं नाही, उलट ड्यूकला, म्हणजे लोरेन्झोच्या बापाला, का मारलं, त्याने काय केलं होतं, यावर दोन बाकांत चांगलीच जुंपली. लिहून तरी सांग म्हटल्यावर हिएरोनिमो पेन नीट करायला चाकू मागतो आणि त्यानेच ज्याचा काही संबंध नाही असा माणूस मारतो, ते त्यांना सहन झालं नाही. माझ्या 'चटक लागलेल्या' मुलांना.

ट्रान्स-हार्बरने वाशीहून ठाणे काही लांब नाही. पुढच्या महिन्यात मी चौथा अंक परत घेतेय, दुसऱ्या डिव्हिजनला. मेल करा, प्रिन्सिपलची परवानगी मी काढते, मागच्या बाकावर बसा आणि ड्यूकवरचा वाद ऐका. नंतरही हेच मत असेल तर खुशाल लिहा, फक्त या वेळी खाली स्वतःचं नाव टाका.