नव्याण्णव टक्के ग्रहण

काल रात्री 'धमाल कॅम्प' नावाचा नवा ग्रुप निघाला. माझ्या जुन्या 'खग्रास' ग्रुपातली झाडून सगळी माणसं रात्रीच त्यात गेली. मला सकाळी घेतलं. आत जाऊन बघतो तर खाली पाटी: फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतात. म्हणजे नकाशे मी शोधले, सावलीच्या वेळा सेकंदासकट मी काढल्या, आणि आता मला फक्त अंगठा दाखवता येतो. ॲडमिन आहेत माझे साडू. "साडूभाऊंवरचा ताण कमी करावा म्हणून," असं त्यांनी वर लिहून ठेवलंय. त्याखाली अंगठ्यांची रांग. त्यातला एक माझ्या बायकोचा.

बेत साधा होता. खग्रास सूर्यग्रहण, ते जिथून दिसतं त्या पट्ट्याच्या मध्यरेषेजवळ माळावर तंबू, आदल्या दिवशी मुक्काम, ग्रहण बघायचं, गर्दी ओसरली की निघायचं. जागेचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं की कोणीतरी तिथल्या बाथरूमचे फोटो मागणार.

मागितलेच. बेत ठरवायला आम्ही जमलो तेव्हा मी चंद्राची सावली कशी सरकते ते समजावत होतो. गडद सावलीचा पट्टा साधारण शंभर-दोनशे किलोमीटर रुंद असतो, त्याच्या मधोमध असलं तर खग्रास जास्त वेळ टिकतं, कडेला गेलं तर काही सेकंदांत आटोपतं, वगैरे. सगळे माना डोलावत होते. साडू मोबाइलमध्ये बघत होते. मग त्यांनी मोबाइल माझ्या नकाशावर ठेवला, नेमका मध्यरेषेवर.

"ही जागा बघा. गरम पाणी, गाद्या, गर्द झाडी. आणि ग्रहण नव्याण्णव टक्के."

"पण मग खग्रास दिसणार नाही."

"नव्याण्णव टक्के दिसेल ना!"

"नव्याण्णव टक्के खग्रास असं काही नसतं."

"अहो, परीक्षेत नव्याण्णव टक्के मिळाले तर तुम्ही पोराला नापास म्हणाल?"

या प्रश्नाला उत्तर आहे. पण ते सुचेपर्यंत खोलीतल्या निम्म्या माणसांचं मन वळलेलं होतं. मी म्हटलं, नव्याण्णव टक्के नदी पोहून उरलेल्या एका टक्क्यात बुडालेल्या माणसाला विचारा. साडू म्हणाले, "म्हणजे तिथे नदीपण आहे? मुलं आहेत बरोबर."

मग मी आकड्यांवर आलो. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे ४ लाख पट तेजस्वी. त्यातला शंभरावा भाग उघडा राहिला तरी काही हजार पूर्णचंद्रांचा उजेड शिल्लक राहतो. सूर्याभोवतीचं जे प्रभामंडळ बघायला माणसं महासागर ओलांडून जातात, त्याचं तेज जेमतेम एका पूर्णचंद्राएवढं. त्या उजेडात ते बुडून जातं. दिवसा तारे नाहीत, काळ्या चकतीच्या कडेला एकच ठिपका लखलखतो ती हिऱ्याची अंगठी नाही, क्षितिजावर चहूबाजूंनी संध्याकाळ नाही. ऊन जरा मलूल होतं, एवढंच. शेवटचा एक टक्का म्हणजेच ग्रहण, बाकीचे नव्याण्णव ही वाट.

"आणि हे शेवटच्या टक्क्याचं किती वेळ चालतं?"

"दोन मिनिटं."

साडू खुर्चीत मागे रेलले. "तुमचं दोन मिनिटं. आमचं अडीच तास. गरम पाणी वेगळं."

बरं, त्या गर्द झाडीतून सूर्य दिसणार कसा, असं मी विचारलं. त्या वेळी सूर्य कोणत्या दिशेला, क्षितिजापासून किती वर, हे आधी बघायचं, मग तंबू कुठे ठोकायचा ते ठरवायचं. १२ ऑगस्ट २०२६चं खग्रास ग्रहण स्पेनमध्ये मावळतीच्या तोंडावर आहे. तिथे पश्चिमेला एखादी टेकडी मध्ये आली तर हजारो मैलांचा प्रवास त्या टेकडीच्या पायथ्याशी संपेल. "झाडाखाली सावली असते," साडू म्हणाले, "सुरक्षित राहतं." झाडाखाली गंमत असते हे खरं. पानांच्या फटींतून जमिनीवर शेकडो चंद्रकोरी पडतात, प्रत्येक फट पिनहोल कॅमेऱ्याचं काम करते. पण ते मी सांगितलं नाही. त्यांच्या झाडीला मी कशाला मुद्दे पुरवू?

"आणि ढग आले तर?" हा मात्र त्यांचा पहिला शहाणा प्रश्न. माझ्याकडे उत्तर होतं, फक्त जरा लांबचं. फ्रान्सचा ल जांतीय नावाचा खगोलशास्त्रज्ञ १७६० साली पुदुच्चेरीला निघाला. सूर्यावरून शुक्र सरकताना, म्हणजे शुक्राचं अधिक्रमण, बघायचं होतं. वाटेतच कळलं की पुदुच्चेरी इंग्रजांनी घेतलं. १७६१ सालचं अधिक्रमण झालं तेव्हा हा गृहस्थ हलत्या जहाजावर, मापं घेण्याच्या कामाचं काहीच नाही. मग तो घरी गेलाच नाही. पुढच्या, १७६९च्या अधिक्रमणासाठी इकडेच थांबला. पुदुच्चेरीत वेधशाळा उभारली. नेमक्या वेळी ढग आले. शेवटी घरी पोचला तर त्याला मृत धरून नातेवाईक मालमत्तेच्या वाटणीला बसले होते. हे मी आकाशाचा भरवसा नसतो, म्हणून गाडी हाताशी ठेवून शेवटच्या दिवशीही जागा बदलायची तयारी हवी, हे सांगायला सांगितलं. खोलीत शांतता पसरली. मग साडूंनी विचारलं, "त्याच्या साडूने त्याला अडवलं नाही?" सगळे हसले. मीही हसलो, त्याचा मला अजून राग येतो.

खरा कहर चहानंतर झाला. ग्रहणचष्म्यांचा विषय निघाला. मी सांगत होतो की आयएसओ १२३१२-२ हे मानक पाळणारेच घ्यायचे, खात्रीच्या विक्रेत्याकडून, कारण छापलेला शिक्का कोणीही छापू शकतो. घरात घालून बघायचं, दिव्याशिवाय काही दिसायला नको. चरा किंवा भोक असेल तर सरळ टाकून द्यायचा. तेवढ्यात साडू आत जाऊन एक मोठा लिफाफा घेऊन आले. त्यातून त्यांच्या गुडघ्याचा एक्स-रे निघाला. जुना, खरोखरच्या फिल्मवरचा.

"सबंध कुटुंबाला पुरेल. कापायचा फक्त." त्यांनी तो खिडकीतल्या उजेडाला धरला, मान तिरकी केली, थोडा खाली-वर केला आणि तज्ज्ञासारखे म्हणाले, "वाटीतून सगळ्यात छान दिसतं."

वाटीतून छान दिसणारच. एक्स-रे फिल्मवर हाड पांढरं येतं, म्हणजे तिथे फिल्म काळी झालेलीच नसते, उजेड सरळ आरपार येतो. गुडघ्याची वाटी हा त्या फिल्मवरचा सर्वांत घातक भाग. काळ्या भागावरही विसंबता येत नाही, कारण डोळ्याला न दिसणारी अवरक्त किरणं त्यातून जातात. हेच साध्या गॉगलचं, हेच काजळी धरलेल्या काचेचं. मी हे सांगेपर्यंत एक्स-रे हातोहात फिरला होता. दोघांनी तर गुडघा कशाने दुखतो याची चौकशी केली.

"मागच्या ग्रहणाला मी यातूनच बघितलं. डोळे दुखले नाहीत अजिबात."

दुखणार नाहीतच! दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. भाजतं तेव्हा काही जाणवत नाही, काही तासांनी बघतो त्याच्या मधोमध डाग दिसायला लागतो. दुर्बिणीला किंवा कॅमेऱ्याला फिल्टर पुढच्या भिंगावर लावायचा. ग्रहणचष्मा घालून दुर्बिणीत डोकावणं तर आणखी वाईट, एकवटलेलं ऊन चष्म्याची फिल्मच जाळून आत शिरतं. हे सगळं मी कळकळीने, थोडा आवाज चढवून सांगितलं. त्यावर बायको म्हणाली, "अहो, ओरडताय कशाला? ते काय मुद्दाम करतायत का?"

इथे माझी हसण्याची तयारी संपते. गाद्या किती जाड यावर सगळे तासभर बोलू शकतात. पोरांच्या डोळ्यांबद्दल बोलणारा मात्र चिडका ठरतो. पुढाकार घ्या, महिनोन्महिने आधी वाचा, ग्रहण संपल्यावर सगळे एकदम निघतात आणि रस्ते तुंबतात म्हणून पाणी आणि पेट्रोल जास्तीचं धरा, मोबाइलचं नेटवर्क कोलमडेल म्हणून नकाशे उतरवून ठेवा. आणि मग ऐका: "एवढं करायला कोणी सांगितलं होतं?" कोणी नाही. एखाद्या ठिकाणी खग्रास पुन्हा यायला सरासरी पावणेचारशे वर्षं लागतात, तेवढं थांबा, कोणीतरी सांगेल.

असो. गरम पाण्याच्या जागेचं बुकिंग भरलेलं निघालं. मग आज दुपारी साडूंनी धमाल कॅम्पवर 'एक सुंदर जागा मला सापडली आहे' असं जाहीर केलं. खाली माझाच नकाशा. मध्यरेषेवर मी केलेली लाल खूणसुद्धा पुसलेली नाही.

संध्याकाळी नियमावली आली. एक्स-रेचं प्रकरण त्यांच्या मनाला बरंच लागलेलं दिसतं, कारण ते आता दुसऱ्या टोकाला गेले आहेत. नियम पहिला, ठळक अक्षरांत: ग्रहण सुरू झाल्यापासून संपेपर्यंत चष्मा कोणीही, कोणत्याही परिस्थितीत काढायचा नाही. ॲडमिन स्वतः लक्ष ठेवतील. सुटाबुटातल्या आमच्या काकांपासून शाळकरी पोरांपर्यंत सर्वांनी 'मान्य'वर बोट ठेवलं.

आता अडचण अशी की सूर्य पूर्ण झाकला गेला, चंद्राच्या कडेवरचा उजेडाचा शेवटचा मणी विझला, की त्या दोन मिनिटांत चष्मा काढायचाच असतो. ठेवला तर समोर ठार काळोख. प्रभामंडळ नाही, काही नाही. पहिली उजेडाची ठिणगी परत आली की पुन्हा लावायचा. पट्ट्याच्या बाहेर चष्मा काढण्याचा क्षण येतच नाही, पण आमची जागा पट्ट्याच्या आत आहे. एवढा प्रवास करून साडू दोन मिनिटं काळ्या फिल्मकडे बघत उभे राहणार आणि आजूबाजूला कोणी चष्मा काढतंय का, तेही त्यांना दिसणार नाही.

पोरांना आणि मोठ्यांना मी एकेकाला फोन करून सगळं नीट समजावलं. साडूंना करावा का, याचा बराच विचार केला आणि शेवटी मेव्हणीला लावला. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"भावोजी," ती म्हणाली, "ह्यांना नका सांगू. आणि माझी खुर्ची तुमच्या बाजूला मांडा."