आपण मार खाणाऱ्या पार्टीचे

भाच्याच्या दोस्तांनी एकदा विचारलं, मामा तुमचा फेवरेट पोकेमॉन कोणता. त्यांना वाटलं असणार चारिझार्ड म्हणल, नाहीतर गेंगार, गारचोम्प, असलं काहीतरी दात-नखं असलेलं. मी म्हणलो ब्लिसी. पोरं एकमेकांकडं बघायला लागली, मग त्यातल्या एकानं हळूच विचारलं, "ती गुलाबी? अंडं घेऊन फिरती ती?" हो, तीच. गुलाबी, गोल, पोटाच्या पिशवीत अंडं, तोंडावर कायम हासू, आणि तिचा मालक म्हंजे मी, चाळिशीला टेकलेला, मिशीवाला, परभणीचा. पोरांनी विषय बदलला.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोकेमॉन म्हंजे व्हिडिओ गेममधले लढणारे प्राणी. दोघांकडं सहा-सहा, एका वेळी दोन्हीकडून एक-एक मैदानात, दरवेळी दोघांनी गुपचूप आपापली चाल निवडायची, मारायचं किंवा मैदानातला गडी परत बोलवून दुसरा पाठवायचा, आणि ज्याचे सहाच्या सहा आडवे झाले तो हरला. ९९ टक्के जनता काय करती तर येती आणि हाणती. सोर्ड्स डान्स मारला की अटॅक डबल, मग पुढचा जो येईल त्याला उडवायचं, पाच मिनटात निकाल. ते बघायला पण भारी वाटतं, यूट्यूबवर त्याचेच व्हिडिओ चालतात. आमच्यासारखे जे उरतात ते स्टॉल टीमवाले. आम्ही कुणाला मारत नाही. आम्ही मार खातो, बरे होतो, परत मार खातो, परत बरे होतो, आणि समोरच्याला विष चढायची वाट बघतो.

आता या ब्लिसीचा हिशोब बघा. ही पहिल्यांदा आली १९९९ च्या गोल्ड-सिल्व्हर गेममध्ये आणि तिचा बेस एचपी, म्हंजे मुळातला जीव, २५५. पूर्ण ट्रेनिंग दिलं तर लेव्हल १०० ला ७१४ एचपी होतात, भलेभले चारशेच्या आसपास दमतात तिथं ही सातशेच्या वर. स्पेशल अटॅकवाले, म्हंजे आग, वीज, बर्फ फेकणारे, तिच्यावर डोकं फोडून घेतात. पण नुसत्या हातानं मारणारा आला की खेळ खलास, कारण साध्या डिफेन्सचा बेस आहे १०. दहा! सगळं ट्रेनिंग डिफेन्सला दिलं आणि स्वभाव पण बोल्ड, म्हंजे डिफेन्स वाढवणारा, ठेवला तरी आकडा १३० च्या वर जात नाही. मग तिच्या जोडीला लोखंडी पक्षी लागतो, स्कार्मरी, तो हातानं मारणाऱ्यांना बघून घेतो. ही जोडी इतकी जुनी आहे की लोकांनी दोघांचं मिळून स्कार्मब्लिस असं नाव पाडलेलं आहे. एक आला की दुसरी बाहेर, दुसरी आली की पहिला बाहेर, दिवसभर हेच.

आणि लोकांना वाटतं यात डोकं लागत नाही. अरे बाबा, मारणाऱ्याला एकदा चुकलं तरी चालतं, दुसरा गडी पाठवून देतो. आमचं एकदा चुकलं, म्हंजे स्कार्मरी पाहिजे तिथं ब्लिसी उभी राहिली, की भिंतीला भोक पडलं आणि मग सगळी भिंतच खाली. समोरचा आता काय करणार हे दरवेळी ओळखायचं आणि तो ते करायच्या आधी बरोबर माणूस उभा करायचा, हे शंभर-दीडशे वेळा एका मॅचमध्ये. ट्रेनिंगचे पॉइंट मिळतात एकूण ५१०, एका गुणाला जास्तीत जास्त २५२, त्यात मी चार पॉइंट इकडचे तिकडं करत रात्री जागलेलो आहे, कारण तेवढ्यानं एखादा फटका जिवावर न येता शेपटावर जातो. एवढं करून जिंकलो तर चॅटमध्ये शाबासकी काय मिळती? "लाज वाटत नाही का", "गेट अ लाईफ", "बोरिंग". एकानं नुसतं "कामून?" लिहिलं होतं, तो आपल्याच भागातला असणार, त्याला उत्तर द्यायच्या आत तो निघून गेला.

घरात तर विचारूच नका. हाणामारीवाल्यांचं बरं असतं, कुकरच्या दोन शिट्टीत मॅच होऊन जाती. आमची मॅच सुरू झाली की संपंल कधी याची गॅरंटी नाही, आणि परभणीत माणसानं एक तास सलग कुठं बसायचं ठरवलं की सगळ्या सृष्टीला ते कळतं. मे महिना, बाहेर पंचेचाळीसच्या आसपास, कूलर घरघर करायलाय, समोरच्याचे दोन उरलेत, माझी टॉक्सापेक्स उभी, विष देऊन झालेलं, आणि आईचा आवाज, "नळ आलेत!" आता ज्यांच्याकडं चोवीस तास पाणी आहे त्यांना या दोन शब्दाचं वजन कळणार नाही. नळ आले म्हंजे आले, किती दिवसानं आले आणि परत कधी येतील हे नळ सोडणाऱ्यालाच माहीत. उठावंच लागतं. डाव्या हातात फोन, उजव्या हातात पाईप, एक बॅरल भरलं की दुसऱ्यात, मग हौदात, मधीच मोटार लावायची, आणि स्क्रीनवर घड्याळ उलटं चालू, चाल दिली नाही तर मॅच गेली. अंगठ्यानं रिकव्हर, म्हंजे बरं व्हायची चाल, दाबायला गेलो, वल्ला अंगठा, दुसरंच बटण दबलं. पाईप निसटला, अंगणभर पाणी. आई म्हणली, "पाणी सांडायलं का तू, इतकं कशात डोकं घातलंय?" म्हणलं समोरच्याला विष दिलंय, अजून दोन टर्न राहिलेत. शेजारच्या काकू कंपाउंडपलीकडं घागर घेऊन उभ्या होत्या, त्या दिवसापासून माझ्याशी जरा बेतानंच बोलतात.

विषाचं गणित तसं लई गोड आहे. टॉक्सिक लागलं की पहिल्या टर्नला एचपीचा सोळावा हिस्सा जातो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, असं चढत जातं, पाचव्या टर्नपर्यंत सोळातले पंधरा गेले, सहाव्याला खेळ संपला. बाहेर जाऊन परत आला तर मोजणी पहिल्यापासून, म्हणून मग तो पळतो, आणि पळून जो दुसरा येतो तो येतानी आम्ही आधीच तरंगत ठेवलेल्या दगडावर आपटतो. हे दगड, स्टेल्थ रॉक, २००६ च्या डायमंड-पर्ल गेमपासून आमची शेतीच होती बघा. चारिझार्ड नुसता मैदानात आला तरी अर्धा मेलेला असायचा, आपण काही करायचंच नाही. मग २०१९ ला सोर्ड-शील्ड आला आणि त्यात बूट निघाले. बूट घातले की दगड लागत नाहीत. तवापासून जो येतो तो बूट घालूनच.

त्याच्यावर कडी २०२२ ला झाली. रिकव्हर, सॉफ्ट-बॉइल्ड (ब्लिसीचं अंडं), हे जे आमचे बरं व्हायचे उपाय, ते आधी ओढून ताणून एका मॅचमध्ये १६ वेळा वापरता यायचे, स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये त्याचे ८ केले. निम्मे! हाणामारीवाल्याच्या सोर्ड्स डान्सला धक्का नाही, रेशन कापलं ते दवाखान्याचं.

आणि त्याच गेममध्ये आला गोल्डेंगो. एक हजार सोन्याच्या नाण्याचा बनलेला माणूस, सर्फबोर्डवर उभा, कमरेत वाकलेला, बघूनच डोकं फिरतं. याचं वैशिष्ट्य असं की याच्यावर स्टेटसची कुठलीच चाल चालत नाही. विष नाही, पॅरालिसिस नाही, काही नाही. बरं ब्लिसीकडं मारायला काय असतं तर सिस्मिक टॉस, उचलून आपटायचं, बरोबर १०० एचपी जातात. पण हा पडला अर्धा भूत, आणि भुताला ही चाल लागतच नाही. म्हंजे माझी ब्लिसी त्याच्यासमोर उभी, ७१४ एचपी घेऊन, आणि तिला करण्यासारखं जगात काहीही नाही. तो एकदा नॅस्टी प्लॉट, म्हंजे स्वतःचा स्पेशल अटॅक डबल करायची चाल, मारतो, परत एकदा मारतो, आणि ही हासू तोंडावर ठेवून अंडं सांभाळत बघत राहती. मी पण बघत राहतो. सोन्याचा भाव लाखाच्या वर गेल्यापासून मला तर त्याला बघूनच कमीपणा वाटतो.

क्रिटचं दुःख वेगळंच. कुठलाही फटका चोवीसात एकदा क्रिटिकल लागतो, दीडपट बसतो, आणि तुम्ही वाढवून ठेवलेला डिफेन्स तो जुमानत नाही. चोवीसात एक ऐकायला कमी वाटतं. पण हाणामारीवाला अख्ख्या मॅचमध्ये सात-आठ फटके खातो, त्याला काय फरक पडतो. आम्ही शंभर खातो. नुसते चोवीस खाल्ले तरी त्यात एक तरी क्रिट असायची शक्यता चौसष्ट टक्के आहे, मी हे कॅल्क्युलेटरवर काढलेलं आहे, एका लग्नात, अक्षता हातात असतानी. म्हंजे जितकं चांगलं टिकावं तितकं नशीब फुटायचे चान्स वाढतात. भाच्याला हे समजावून सांगितलं तर म्हणतो, "मामा, मग तुम्ही मारतच का नाही?" त्याला काय बोलायचं. गेल्या पिढीला विचारलं असतं तर "बनी तो बनी, नहीं तो परभणी" म्हणून गप बसले असते.

खरं तर आमच्या मराठवाड्याला हा खेळ चटकन कळायला पाहिजे. देवगिरी बघा. चारी बाजूनं तासलेला कडा, खाली खंदक, आणि ती अंधारी, जिथं आत शिरलेल्याला आपला हात दिसत नाही. यापेक्षा चांगली डिफेन्सिव्ह टीम कुणी बांधून दाखवावी. आणि १२९६ ला अलाउद्दीन खिलजी आला, रामदेवराय आत बसले, आणि सांगतात की धान्य म्हणून वर चढवलेली पोती उघडली तर त्यात मीठ निघालं. झालं! कड्याला काही झालं नाही, रिकव्हर संपलं. मी दौलताबादला सहलीला गेलो की सगळे अंधारीत मोबाईलचा टॉर्च मारून किंचाळत असतात आणि मला मात्र पोत्यांचाच विचार येतो. टीम सेव्ह करायच्या आधी मी प्रत्येकाची पोती उघडून बघतो.

समोर हाणामारीवाला असला तर निदान त्याचा संताप बघून करमणूक होती. खरी परीक्षा म्हंजे समोर पण स्टॉलवाला निघणं. दोन भिंती समोरासमोर. त्याची ब्लिसी, माझी ब्लिसी. तो विष देणार नाही कारण माझी विष धुवून टाकणार, मी आपटणार नाही कारण तो अंडं फोडून बरा होणार. मग एकच उरतं, प्रत्येक चाल ठरावीक वेळाच वापरता येती, तर कुणाची आधी संपती ते मोजायचं. मी त्यासाठी सोयाबीनच्या हिशोबाची वही घेतो, उजव्या पानावर त्याच्या प्रत्येक चालीपुढं रेघा मारत जातो, आठ झाल्या की गोल. (एकदा ती वही बापूंच्या हातात पडली, आडत दुकानात त्यांनी ती समोर ठेवली, आणि आडत्यानं "सॉफ्ट-बॉइल्ड आठ" म्हंजे कोणतं बियाणं ते विचारलं.) सगळ्यांच्या सगळ्या चाली संपल्या की उरतो फक्त स्ट्रगल, त्यात समोरच्याला मारता मारता स्वतःचाच पाव एचपी जातो. आणि ते पण झालं नाही तर मी ज्या साईटवर खेळतो तिथं हजाराव्या टर्नला बरोबरी जाहीर करतात.

परवा रात्री अशीच लागली. जेवून बसलो होतो, टर्नचा आकडा तीन अंकी कधी झाला कळलं नाही. समोरचा पण पोचलेला, एकही चाल फुकट घालवत नव्हता, चॅटमध्ये एक शब्द नाही, मला तर त्याच्याबद्दल आपलेपणा वाटायला लागला. बायको पाणी प्यायला उठली, मागं येऊन उभी राहिली, बराच वेळ बघितलं.

"कुणीच हलंना गेलंय," ती म्हणली. "अडकलंय का?"

"अडकलं नाही. मॅच चालू आहे."

"दोन्ही सारख्याच दिसायल्या. तुमची कोणची?"

"खालची. पाठमोरी."

"वरची बरी हसायली." तिनं तांब्या ठेवला. "मारत काहून नाही तिला?"

"मारून उपयोग नाही, ती बरी होती. तिची अंडी संपायची वाट बघायलो."

"आणि तिकडचा काय करायलाय?"

"माझी संपायची वाट बघायलाय."

तिनं घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग वहीतल्या रेघांकडं. "सकाळी सहाला नळ येणारैत," ती म्हणली, "आताच सांगून ठेवते, मी उठणार नाही."