पाट्या, पंधरवडे आणि पहिलीचा पट

वाद पेटला तो बापूच्या एका वाक्यावरून. "सरकारने मराठीसाठी जेवढं केलंय, तेवढं आपण पाच जणांनी मिळून केलेलं नाही."

मराठी भाषा गौरव दिन होता. रात्री जेवणं उरकून राजवाड्यापाशी आमचा कट्टा भरला होता. बापूचं साताऱ्यातच फ्लेक्स आणि पाट्यांचं दुकान आहे. वकील वकिली करतो, त्याला नावाने कुणीच हाक मारत नाही. मास्तर एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. अक्की पुण्यात आयटीत, शुक्रवारी रात्री घरी येतो. मी महा ई-सेवा केंद्र चालवतो. दिवसभर लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं मराठीत टाइप करायची.

बापूचं म्हणणं पाट्यांवरून आलं होतं. दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षरं बाकी लिपीपेक्षा बारीक चालणार नाहीत, असंही त्यात आलं. व्यापारी सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये कोर्टाने दोन महिन्यांत पाट्या लावायला सांगितलं. "त्या दिवाळीत मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीन चालवलंय," बापू म्हणाला. "कायदा नसता तर एकानेही पाटी बदलली नसती."

"आणि पाटीवर काय लिहिलंस? फॅशन हब, देवनागरीत," अक्की म्हणाला.

"लिहिलं. तरी पोरगं येता-जाता देवनागरी वाचतं की नाही? तुला ते कमी वाटतं, मला वाटत नाही."

मला बापूचं पटतं. शहराच्या भिंतींवर जी लिपी दिसते, तीच इथली असं पोरं धरून चालतात. शिवाय बापू हे काम मनापासून करतो. गिऱ्हाईक मोबाईलवरून हिंदी वळणाचा फॉन्ट घेऊन आलं, तर हा त्याला बसवून देठाचा श आणि पाकळीचा ल दाखवतो. शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढून अक्षरांची वळणं ठरवून दिली, २०२२ साली तो सुधारला. तो निर्णय बापूच्या दुकानात काचेखाली ठेवलेला आहे. सरकारचा कागद कुणी इतका जिवापाड जपलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

वकिलाचा सूर वेगळा होता. "पाटी दाराबाहेर असते, मला आतलं सांग. राजभाषा अधिनियम १९६४ चा. तालुका आणि जिल्हा कोर्टांची भाषा मराठी, अशी अधिसूचना १९९८ ची. आणि आजही निकालाची प्रत बऱ्याचदा इंग्रजीत हातात पडते." मग त्याने एक पक्षकारीण सांगितली. वाटणीचा दावा, बारा-तेरा वर्षं चाललेला. निकाल लागला, प्रत मिळाली, आणि ती म्हातारी चौदा पानं हातात धरून विचारत होती, "साहेब, विहीर माझ्याकडं आली का न्हाई?" विहिरीचा उल्लेख अकराव्या पानावर होता. तिला लिहिता-वाचता येत होतं, सातवी शिकलेली होती ती. प्रत मराठीत असती तर कुणाला विचारायची वेळच आली नसती.

"हायकोर्टात तर इंग्रजीच, घटनेच्या ३४८ प्रमाणे," वकील पुढे म्हणाला. "पण त्याच कलमात वाट ठेवलीय. राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यपाल राज्याची भाषा कामकाजाला लावू शकतात. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, बिहार, चारही ठिकाणी हायकोर्टात हिंदी चालते. आपण त्यासाठी नेट लावून कधी भांडलो?"

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. अक्कीने विषय अभिजात दर्जावर नेला. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राच्या मंत्रिमंडळाने मराठीला तो दिला, सोबत बंगाली, असमिया, पाली आणि प्राकृतलाही. या दर्जासाठी राज्याने नेमलेल्या रंगनाथ पठारे समितीचा अहवाल त्याच्या दहा-अकरा वर्षं आधी तयार होता. "तमिळला २००४ मध्ये मिळाला," अक्की म्हणाला. "चेन्नईत त्यांची केंद्रीय संस्था आहे, जुने ग्रंथ संपादित होतात, छापले जातात. आपण एक दिवस वाढवला. जानेवारीत संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारी, १ मे, आता ३ ऑक्टोबर."

मला इथे बोलावंसं वाटलं, कारण हे अर्धंच खरं आहे. दिवस साजरे होतात ते दिसतं, आणि सरकारने केलेलं खरं काम दिसत नाही. इथून तासाभराच्या वाटेवर वाई आहे. तिथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी विश्वकोश उभा केला. पहिला खंड १९७६ चा, आणि मुख्य खंड वीस झाले. आज ते सगळे फुकट, मोबाईलवर उघडतात. माझ्या केंद्रात दहावीची पोरं प्रकल्पासाठी येतात, त्यांना मी तेच उघडून देतो. परवा एका पोराने 'ज्वालामुखी'ची नोंद शेवटपर्यंत वाचली आणि पुढची कुठली वाचू म्हणून विचारलं. १९६० साली सुरू झालेलं सरकारचं भाषा संचालनालय परिभाषा कोश, म्हणजे शास्त्रीय शब्दांचे मराठी प्रतिशब्द देणारे कोश, काढतंय, तेही आता इंटरनेटवर शोधता येतात. लीळाचरित्र जिथे लिहिलं गेलं त्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. ही कामं सावकाश होतात, त्यांच्या उद्घाटनाला गर्दी नसते, पण भाषेला खरी भर त्यांनीच पडते. माझी तक्रार एवढीच की यांच्यासाठी माणसं आणि पैसा मागायला कुणी मोर्चा काढत नाही.

आणि जिथे काम कच्चं राहिलंय तेही मी रोज बघतो. ३ फेब्रुवारी २०२५ चा शासन निर्णय सांगतो की सरकारी कार्यालयांत मराठीतच बोलायचं आणि संगणकाच्या कळफलकावर रोमनबरोबर देवनागरी अक्षरंही हवीत. चांगलंच आहे. पण कळांवर अक्षरं छापली म्हणून टायपिंग येत नाही. लिपिकाला मराठी तीसचा, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांचा, दाखला लागतो, तो एका पद्धतीने शिकून मिळतो, आणि नोकरीत बसल्यावर बरेच जण रोमनमध्ये बोटं चालवून मराठी उमटवतात. त्याहून मोठं दुखणं जुन्या फाइलींचं. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची एकच पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमध्ये केलेलं पत्र आज उघडलं की पडद्यावर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं पसरतात. मागच्या महिन्यात एका शेतकऱ्याला पेनड्राइव्हवर त्याचंच जुनं पत्र दिलं होतं एका कार्यालयाने. तो फॉन्ट माझ्याकडे नव्हता, म्हणून सबंध मजकूर छापील प्रतीवरून मी पुन्हा टाइप केला. अशी किती वर्षांची मराठी कपाटांत आणि हार्डडिस्कवर पडून असेल! ती युनिकोडमध्ये आणणं हे भाषा संवर्धनाचं काम नाही तर कशाचं आहे?

"तुमचं सगळं बरोबर," मास्तर म्हणाला. तो तोवर गप्प होता. "पण वाचणारं पोर कुठून आणणार? आमच्या शाळेचा पट अठरा आहे. पहिलीत दोन."

वीसच्या आतल्या शाळांवर टांगती तलवार आहेच. २०२३ मध्ये सरकारने अशा शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले होते. मास्तर उन्हाळ्यात घरोघर फिरतो. घरं आहेत, पोरंही आहेत. सकाळी सात वाजता पिवळी गाडी येते आणि त्यांना बारा किलोमीटरवरच्या इंग्रजी शाळेत नेते.

"आणि सरकार काय करतं?" मास्तरचा आवाज चढला. "२०२० मध्ये कायदा केला, सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची, नाही शिकवली तर एक लाख दंड. मी पेढे वाटले होते शाळेत. आणि एप्रिल २०२३ मध्ये निर्णय आला की राज्य मंडळाबाहेरच्या शाळांत जी तुकडी तेव्हा आठवीत होती तिला दहावीपर्यंत मराठीची नुसती श्रेणी द्या, गुण एकूणात धरू नका. ज्याचे गुण नाहीत तो विषय पोरं शिकतात का रे?"

अक्की म्हणाला, "मास्तर, लोकांनी ठरवलं तर सरकार हलतं. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी आणली, १७ जूनला शब्द बदलले, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले. अडीच महिन्यांत."

"हललं ना. त्या जूनमध्ये मीही पत्रक वाटत फिरलो. ज्या घरांनी माझ्याकडून पत्रक घेतलं, त्यांतल्या किती जणांची पोरं मराठी शाळेत आहेत विचार." मग तो बापूकडे वळला. "तुझा मोठा कुठे आहे?"

बापू चिडला नाही. "इंग्रजीत आहे. आणि का आहे तेही ऐक. नीटचा पेपर २०१७ पासून मराठीत मिळतो, मला माहितीय. पण अकरावी सायन्सची पुस्तकं इंग्रजीत, क्लास इंग्रजीत, क्लासच्या नोट्स इंग्रजीत. माझा चुलतभाऊ दहावीपर्यंत मराठीतून शाळेत पहिला होता. अकरावीत सहा महिने फळ्यावरचं नुसतं उतरवून घेत होता, कळत काही नव्हतं. शेवटी सायन्स सोडलं त्याने. माझ्या पोराला मी तिथे ढकलू? मराठीवर प्रेम आहे म्हणून पाट्या अर्ध्या दरात करून देतो, पण पोराचं आयुष्य पणाला नाही लावणार."

माझ्या मते अख्ख्या रात्रीतलं सगळ्यात खरं बोलणं हेच होतं. आई-बापांना मराठीची लाज वाटते असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, मला ते पटत नाही. माझ्या केंद्रात येणारा बाप पोरासाठी हिशेब मांडतो. दहावीनंतर मराठीचा रस्ता जिथे तुटतो, तिथून मागे मोजत तो पहिलीला येतो आणि पिवळी गाडी निवडतो. सरकारने पहिलीच्या दारात कितीही जाहिराती लावल्या तरी तुटलेला रस्ता पुढेच आहे. अकरावी-बारावी विज्ञानाची पुस्तकं मराठीत, निदान दोन्ही भाषा समोरासमोर छापून, काढणं बालभारतीला अशक्य नाही. शब्द भाषा संचालनालयाच्या कोशांत तयार आहेत, नोंदी विश्वकोशात आहेत. साठ वर्षांचं ते काम शाळेच्या दप्तरात पोचवायचं राहिलंय, आणि ते सरकारशिवाय कुणाला जमणार नाही.

वकील म्हणाला, "पुस्तकं आली तरी क्लासवाले शिकवतील का?"

"पन्नास पोरं मागतील तेव्हा शिकवतील," अक्की म्हणाला. "बाजार आहे तो."

"आणि ती पन्नास पोरं मीच द्यायची," मास्तर म्हणाला. "बापू, धाकटी पहिलीला कधी?"

"या जूनला."

"सोमवारी शाळेत ये. नाव घालू नकोस, नुसता वर्गात बस. माझी तिसरीची पोरं काय वाचतात ते ऐक."

"बसतो," बापू म्हणाला. "पण अकरावीचं काय, हे मी तिथेही विचारणार. आणि वहिनीला सांग चहा करायला, कारण माझी बायको पण येणार, आणि तिचे प्रश्न माझ्यापेक्षा जास्त आहेत."