ॲसिड हाउसचा जन्म मुंबईत झालेला नाही

गेली काही वर्षं एक मजकूर फिरतो आहे. मला या संगीताचा नाद आहे हे घरच्यांना आणि मित्रांना ठाऊक असल्यामुळे दर दोन-चार महिन्यांनी कुणी ना कुणी तो मला पाठवतंच. मजकूर थोडक्यात असा: ॲसिड हाउस हे जगभरच्या क्लबांना वेड लावणारं नृत्यसंगीत १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी शोधून काढलं. पाच वर्षांनी शिकागोच्या पोरांनी तेच यंत्र घेऊन त्याची नक्कल केली. मग इंग्रज डीजे स्पेनच्या इबिझा बेटावरून परतले आणि त्यांनी क्लब काढून नाव कमावलं. ‘ॲसिड’ हा शब्दसुद्धा गोव्याच्या किनाऱ्यावरून उचललेला. आपल्या माणसाला मात्र सगळे विसरले.

वाचताना छाती फुगते, हे मान्य. चरणजित सिंगांची ती तबकडी मी किती वेळा ऐकली असेल, मोजदाद नाही. पण या मजकुरातलं जवळपास प्रत्येक विधान चुकीचं आहे. शिवाय त्या चुकीपायी ज्यांचं श्रेय जातं, त्यांच्या वाट्याला आधीच पुष्कळ उपेक्षा आलेली आहे. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी यातलं खरं काय ते सांगतो. चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षं वाजवणारे कसलेले वादक. गिटार, बेस, की-बोर्ड, जे हातात द्याल ते वाजवणारे. १९८० मध्ये ‘कुर्बानी’ आला आणि डिस्कोची लाट उसळली. त्याच सुमाराला सिंगांनी रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रं घेतली: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ताल वाजवणारं यंत्र आणि टीबी-३०३ ही बेस वाजवणारी छोटीशी पेटी. त्यांवर त्यांनी भैरवी, ललत, तोडी, मालकंस, यमन अशा दहा रागांची एक तबकडी केली आणि ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने ती काढली. चित्रपटांत इतका डिस्को चाललाय, तर तबला बाजूला ठेवून डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवून बघू, असा आपला विचार होता, हे त्यांनी स्वतः पुढे मुलाखतीत सांगितलं. तबकडी फारशी खपली नाही. १९८२ साल खरं, मुंबई खरी, यंत्रं खरी. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा काहींना ही कुणीतरी केलेली बनवाबनवी वाटली होती. ती बनवाबनवी नव्हती.

आता पहिला मुद्दा, ‘शोधून काढलं’. याचा सगळा डोलारा त्या टीबी-३०३ वर उभा आहे. ही पेटी रोलँडच्या तादाओ किकुमोतो यांनी रचली. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी, एवढाच तिचा हेतू. खऱ्या बेससारखी ती कधी वाजलीच नाही. सूर वेगळे भरायचे, त्यांची लय वेगळी भरायची, म्हणजे वापरायलाही किचकट. जेमतेम दहा हजार पेट्या निघाल्या आणि १९८४ मध्ये कंपनीने उत्पादन थांबवलं. पण या काळात ती जगभर अनेकांच्या हाती गेली. ग्लासगोच्या ऑरेंज ज्यूस या बँडचं या पेटीवरचं गाणं १९८३ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या दहांत होतं. त्यांना कुणी ॲसिड हाउसचे जनक म्हणत नाही. पेटी वापरणं वेगळं आणि तिच्यातून नवं संगीत घडवणं वेगळं.

दोन्ही संगीतं शेजारी ठेवली की हे कानाला लगेच कळतं. आपल्याकडे तबल्याच्या एकल वादनात हार्मोनियमवर लेहरा असतो. एकच ओळ गोल गोल फिरत राहते आणि विस्तार तबलजी करतो. सिंगांच्या तबकडीत ८०८ आणि ३०३ मिळून ठेका आणि लेहरा धरतात, आणि वर ज्युपिटर-८ वर सिंग स्वतः हाताने राग मांडतात. मींड आहे, सूर लावण्याची तब्येत आहे, द्रुत ताना आहेत. कान ठेवायचा तो त्यांच्या हाताकडे. शिकागोच्या फ्यूचर या त्रिकुटाच्या १९८७ च्या ‘ॲसिड ट्रॅक्स’मध्ये वरचा वादकच नाही. नुसता लेहरा आहे, अकरा-बारा मिनिटं. ओळ बदलत नाही, सूर बदलत नाहीत. बदलतो तो नाद. पेटीवरच्या छोट्या खुंट्या पिळत तो आवाज घोगरा, मग टोकदार, मग किंचाळणारा, मग पुन्हा पाण्याखाली बुडाल्यासारखा होत जातो. विस्तार रागाचा नाही, स्वराच्या पोताचा आहे. सिंगांनी यंत्राला सुरात आणलं. या तिघांनी यंत्राला त्याच्या मर्यादेपलीकडे ढकललं. दोन्ही कामं मोठी आहेत, पण ती एक नाहीत.

दुसरा मुद्दा, ‘नक्कल केली’. हा सरळसरळ आरोप आहे, आणि त्याला काडीचाही आधार नाही. मुंबईत न खपलेली तबकडी शिकागोच्या दक्षिण भागातल्या पोरांपर्यंत पोचली, असं दाखवणारा एकही धागा नाही. एदो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीच्या एका दुकानात सापडली २००२ मध्ये, आणि जगाने ऐकली २०१० नंतर. उलट शिकागोत काय घडलं, ते तिथल्या माणसांनीच पुष्कळ तपशिलात सांगून ठेवलेलं आहे. तेच नीट वाचलं तर हा वाद उरत नाही.

१९७७ मध्ये फ्रँकी नकल्स न्यूयॉर्कहून शिकागोला आला आणि २०६ साउथ जेफरसन स्ट्रीटवरच्या ‘वेअरहाउस’ या क्लबमध्ये रेकॉर्डी लावू लागला. जागा रॉबर्ट विल्यम्सची. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिन तरुण, त्यात समलिंगी पुरुष मोठ्या संख्येने. दारू मिळत नसे, फळांचा रस मिळे. रात्रीला सुरुवात उशिरा आणि शेवट दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर. त्याच शहरात १२ जुलै १९७९ ला कोमिस्की पार्कच्या मैदानावर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये, डिस्कोच्या रेकॉर्डींची पेटी स्फोट करून उडवण्यात आली आणि हजारो लोक मैदानात घुसले. नावाला ती डिस्कोची थट्टा होती. डिस्को कुणाचं संगीत होतं, हे जमलेल्यांना आणि न जमलेल्यांना, दोघांनाही चांगलं माहीत होतं. मोठ्या कंपन्यांनी डिस्कोतून अंग काढलं, पण वेअरहाउसची रात्र चालू राहिली. नव्या रेकॉर्डी मिळेनात तेव्हा नकल्स जुन्याच फितीवर कापून-जोडून लांबवू लागला, खाली यंत्राचा ठेका घालू लागला. ‘वेअरहाउसमध्ये वाजतं तसलं’ संगीत रेकॉर्डींच्या दुकानांत लोक मागू लागले आणि त्यातूनच ‘हाउस’ हा शब्द पडला.

नकल्स तिथून बाहेर पडल्यावर विल्यम्सने ‘म्युझिक बॉक्स’ काढला आणि तिथे आला रॉन हार्डी. नकल्स रेशमी, तर हार्डी रांगडा. रेकॉर्डी नेमलेल्या वेगापेक्षा पळवायचा, आवाज छातीत धडधडेपर्यंत वाढवायचा, एखादी रेकॉर्ड चक्क उलटी वाजवायचा. अंधारी, घामाने ओली खोली, दिवे नावापुरते. इथे येणारे लोक वाटेल ते ऐकायला तयार होते, आणि माझ्या मते खरी गोम तीच.

फ्यूचर म्हणजे डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे. स्पँकीने ३०३ सेकंडहँड घेतली. कुणाला नकोशी झालेली वस्तू, त्यामुळे परवडली. सोबत माहितीपुस्तक नव्हतं. पेटी सुरू केली, ठेका लावला आणि पिअर खुंट्या पिळत बसला. जे निघालं ते कॅसेटवर भरून त्यांनी हार्डीला नेऊन दिलं. त्या रात्री हार्डीने ते लावलं आणि नाचणारे थबकले, फरशी रिकामी झाली. त्याने थोड्या वेळाने पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. पहाटेच्या सुमाराला चौथ्यांदा लावलं तेव्हा खोली वेडी झाली होती. दुसरा कुणी डीजे पहिल्याच वेळी ती कॅसेट परत करता. ॲसिड हाउसचा जन्म कुठे झाला असं मला विचारलं तर मी पेटीकडे बोट दाखवणार नाही, त्या पहिल्या आणि चौथ्या वेळेच्या मधल्या तासांकडे दाखवीन. ते संगीत घडवण्यात नाचणाऱ्यांचा वाटा वाजवणाऱ्यांइतकाच आहे. मुंबईत चरणजित सिंगांना ती खोली मिळाली नाही. ती मिळती तर काय झालं असतं, हा विचार मला अजून हुरहुर लावतो. पण हुरहुर म्हणजे पुरावा नव्हे.

कॅसेटच्या नकला शहरभर फिरल्या. मार्शल जेफरसनने लय जरा उतरवून ती रेकॉर्ड करवली आणि १९८७ मध्ये ट्रॅक्स या कंपनीने काढली. जेफरसनने त्याआधीच, १९८६ मध्ये, स्लीझी डीच्या रेकॉर्डवर हीच पेटी वापरली होती. म्हणजे शिकागोतसुद्धा ही एका माणसाची करामत नव्हती.

तिसरा मुद्दा इंग्रजांचा. १९८७ च्या उन्हाळ्यात डॅनी रॅम्पलिंग, पॉल ओकनफोल्ड, निकी हॉलोवे आणि जॉनी वॉकर हे चौघे डीजे इबिझाला गेले, तिथल्या ‘अम्नेशिया’त अल्फ्रेडो या अर्जेंटिनाच्या डीजेला ऐकून भारावले, आणि त्या वर्षअखेरीस रॅम्पलिंगने लंडनच्या साउथवर्कमधल्या एका व्यायामशाळेत ‘शूम’ ही रात्र सुरू केली. एवढं खरं. पण हाउस त्यांनी आणलं हे खरं नाही. शिकागोच्या फार्ली जॅकमास्टर फंकची रेकॉर्ड १९८६ मध्येच इंग्लंडच्या पहिल्या दहांत होती, स्टीव्ह ‘सिल्क’ हर्लीची जानेवारी १९८७ मध्ये पहिल्या क्रमांकावर. मँचेस्टरच्या ‘हसिएंडा’त माइक पिकरिंग शुक्रवारी रात्री हाउस वाजवत होता तो या सहलीच्या आधीपासून. ‘शूम’ने दिलं ते वातावरण: धूर, हसऱ्या चेहऱ्याचं चिन्ह, ऐटबाज कपड्यांची मिजास टाकून सैल टी-शर्टात नाचणं. ते मोलाचं आहे, पण संगीत शिकागोचंच.

गोव्याचं थोडक्यात. हणजूणच्या किनाऱ्यावर ऐंशीच्या दशकात कॅसेटवर युरोपचं इलेक्ट्रॉनिक संगीत वाजत होतं, रात्रभर, आणि त्यातून नव्वदच्या दशकात जे उभं राहिलं ते गोवा ट्रान्स. ते गोव्याच्या हक्काचं आहे. ‘ॲसिड’ हे नाव मात्र म्युझिक बॉक्सच्या नाचणाऱ्यांनी हार्डीच्या त्या कॅसेटला दिलं. करणाऱ्यांनी तिला दिलेलं नाव वेगळंच होतं.

राहिला ‘आपल्या माणसाला सगळे विसरले’ हा मुद्दा. विसरलो असू तर आपण. परदेशात २०१० नंतर त्यांची दखल घेतली गेली आणि सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपात जाऊन नाचणाऱ्या गर्दीसमोर ते राग वाजवून आले. ५ जुलै २०१५ ला मुंबईत ते गेले. रॉन हार्डीच्या वाट्याला तेवढंही आलं नाही, तो १९९२ मध्येच गेला. वेअरहाउसच्या इमारतीला शिकागो शहराने वारसा दर्जा दिला तो २०२३ मध्ये.

हा मजकूर पुन्हा तुमच्याकडे आला तर पुढे पाठवण्याआधी अर्धा तास काढा. आधी सिंगांचा यमन ऐका, पण फक्त उजव्या हाताकडे लक्ष देऊन. मग ‘ॲसिड ट्रॅक्स’ लावा, मोठ्या आवाजात, आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कंटाळा आला तरी बंद करू नका. त्या रात्री म्युझिक बॉक्समधलेही आधी फरशी सोडून गेले होते.